घरात पैशाची ओढाताण सुरू झाली तर मुलांना कसं सांभाळायचं, एकेक पायरी

पगार थांबला, धंदा बसला, आजारपणात साठवलेलं सगळं गेलं किंवा हप्ते पगाराच्या पुढे गेले, कारण काहीही असो, घरात मुलं असतील तर दोन आघाड्यांवर लढावं लागतं. एक पैशाची आणि दुसरी मुलांची. आमच्या घरातलं एक उत्पन्न अचानक बंद झालं तेव्हा मोठी मुलगी सगळं कळण्याच्या वयात होती आणि धाकटा अजून अक्षरं गिरवत होता. पैशाचे सल्ले शोधले की कर्ज, व्याज, बजेट याबद्दल ढीगभर मिळायचं आणि मुलांबद्दल शोधलं की लाड, शिस्त, अभ्यास. दोन्ही एकत्र कुठेच सापडेना म्हणून हे लिहितेय. नुकतीच ज्यांच्यावर ही वेळ आलीय त्यांना निदान सुरुवात कुठून करायची एवढं तरी कळावं.

आधी एक गोष्ट सांगते, पुढचं सगळं तिच्यावरच उभं आहे. १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या आयोवा राज्यात शेतीचं मोठं संकट आलं होतं. रँड काँगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ पासून तिथल्या ग्रामीण भागातल्या ४५१ कुटुंबांचा अभ्यास केला. त्यातून दिसलं ते असं की पैशाच्या ताणाने आधी आईबाप खचतात, मग त्यांच्यात भांडणं वाढतात, मग मुलांवर चिडचिड आणि कठोरपणा वाढतो, आणि मुलांना त्रास होतो तो मुख्यतः या वाटेने. याचा अर्थ पैसा कमी असणं हा त्रास नाही असा अजिबात नाही. पण पैसा लगेच परत आणणं आपल्या हातात नसतं, घरातलं वातावरण मात्र बऱ्यापैकी असतं.

हाताशी काय काय लागेल

- एक साधी वही आणि पेन (मोबाईलमधलं ॲप चालेल, पण वही दोघांना एकदम बघता येते)
- गेल्या तीन महिन्यांचे बँक स्टेटमेंट आणि क्रेडिट कार्डची बिलं
- प्रत्येक कर्जाचा करारनामा किंवा निदान उरलेली रक्कम, व्याजदर, हप्त्याची तारीख, तारण काय ठेवलंय ते
- विम्याच्या पॉलिसी आणि त्यांच्या प्रीमियमच्या तारखा
- मुलांच्या शाळेच्या, क्लासच्या फीच्या पावत्या
- नोकरी गेली असेल तर कार्यमुक्तीचं पत्र आणि शेवटच्या पगाराच्या स्लिप, आजारपण असेल तर हॉस्पिटलचे कागद. सवलत किंवा मुदत मागताना हेच पुढे करावे लागतात
- कोणाकडून हातउसने घेतलेत त्याची यादी, तोंडी असलेली उधारीसुद्धा

१. मुलांच्या आधी दोघांनी आकड्यांना सामोरं जायचं

मुलं झोपल्यावर किंवा शाळेत असताना बसा. वहीच्या एका पानावर महिन्याला येणारे पैसे, दुसऱ्यावर जाणारे. जाणाऱ्यांमध्ये तारीखवार लिहा, म्हणजे कुठल्या तारखेला खातं रिकामं होतं ते दिसतं. बऱ्याच घरांत महिन्याचा हिशोब जमतो पण तारखा जमत नाहीत आणि त्यातून दंड बसतो. वर्षातून एकदा दोनदा येणारे खर्च हमखास विसरले जातात, विमा, सत्राची फी, गाडीची कामं, आपोआप पैसे कापणारी सबस्क्रिप्शन्स. त्यांची बेरीज करून बाराने भागा आणि महिन्यात धरा.

मग एक आकडा काढायचा. समजा हातात सगळं मिळून ९०,००० आहेत, महिन्याला २०,००० येतात आणि ३५,००० जातात. तूट १५,००० ची, म्हणजे तुमच्याकडे सहा महिने आहेत. हा आकडा ऐकून पोटात गोळा येतो, पण निदान आता अंधारात चाचपडणं संपतं. खर्चातून ५,००० कमी झाले की तेच सहा महिने नऊ होतात आणि दोघांनाही कुठे जोर लावायचा ते कळतं.

एकमेकांपासून लपवलेलं कर्ज असेल तर ते याच बैठकीत बाहेर यायला हवं. कार्डवरची थकबाकी, मित्राकडून घेतलेले पैसे, कोणासाठी जामीन राहिलात ते, सगळं. जो सांगतोय त्याचं आधी पूर्ण ऐकून घ्या, जाब विचारायला नंतर वेळ आहे. आकडा अर्धा लपवला तर पुढची प्रत्येक पायरी चुकणार.

कागदावर लिहा असं मी इतकं का म्हणतेय त्याला कारण आहे. आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डर शफीर आणि जियायिंग झाओ यांचं २०१३ साली प्रसिद्ध झालेलं संशोधन आहे. त्यात तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांना विचारशक्तीच्या चाचण्या दिल्या होत्या, एकदा कापणीच्या आधी, जेव्हा हातात पैसा नसतो, आणि एकदा कापणीनंतर. माणसं तीच, तरी कापणीच्या आधी त्यांची कामगिरी खराब होती. पैशाची चिंता डोक्यातली जागा खाते. म्हणून तारखा, आकडे, कोणाला कधी फोन करायचा हे डोक्यात साठवायचंच नाही, वहीत उतरवायचं. मोठे निर्णय रात्री उशिरा दमलेल्या डोक्याने घेऊ नका. आणि या काळात मुलाचा डबा विसरलात, पालकसभेची तारीख चुकली तर स्वतःला कोसत बसू नका, भिंतीवर कॅलेंडर लावा आणि त्यावर सगळं मोठ्या अक्षरात लिहा.

२. पैसे कोणाला आधी, कोणाला नंतर

जो जास्त फोन करतो त्याला आधी पैसे जातात, हा सगळ्यात मोठा सापळा. क्रम आपण ठरवायचा. माझ्या मते तो असा: राहतं घर, अन्न, वीज पाणी, औषधं, कामावर जायचा यायचा खर्च, आरोग्य आणि आयुर्विमा, मुलांची शाळा. त्यानंतर तारण ठेवलेली कर्जं, कारण ती थकली तर वस्तू जाते. घरच गहाण असेल तर ते कर्ज अर्थातच पहिल्या रांगेत. मग कार्ड आणि बिनतारणी कर्जं. हातउसने देणाऱ्यांना शेवटी, पण त्यांना तसं स्पष्ट सांगून.

विमा बंद करायचा मोह होतो कारण त्यातून आत्ता काही मिळत नाही. पण मुलं लहान आणि शिल्लक शून्य अशा घरात एक आजारपण आलं तर तिथून उठणं फार कठीण. गुंतवणुकीसाठी घेतलेली महागडी पॉलिसी असेल तर तिचा विचार वेगळा करा, मात्र शुद्ध संरक्षण देणारा विमा आणि आरोग्य विमा शेवटपर्यंत धरून ठेवा.

क्रेडिट कार्डच्या बिलावरचा 'किमान देय' हा आकडा दिलासा देणारा वाटतो, पण गणित बघा. १०,००० ची बाकी, महिन्याला ३ टक्के व्याज आणि ५ टक्के किमान देय. तुम्ही ५०० भरता, त्यातले ३०० व्याजातच जातात, मुद्दल कमी होतं फक्त २००. आणि काहीच भरलं नाही तर ३ टक्क्यांनी रक्कम साधारण २४ महिन्यांत दुप्पट होते, दंड वेगळा. म्हणून कार्ड बाजूला ठेवा, त्यावर नवीन खरेदी बंद, आणि किमानपेक्षा थोडं का होईना जास्त भरा.

फेडायच्या दोन पद्धती सांगितल्या जातात, सगळ्यात जास्त व्याजाचं कर्ज आधी किंवा सगळ्यात लहान कर्ज आधी. पैशाच्या हिशोबाने पहिली बरोबर. पण एखाददुसरं अगदी छोटं कर्ज असेल तर ते आधी संपवून टाका असं मी म्हणेन, दर महिन्याचा एक फोन आणि एक तारीख कमी होते आणि त्या दिवशी घरात खरंच हलकं वाटतं.

३. देणेकऱ्यांशी हप्ता चुकायच्या आधी बोला

हप्ता चुकल्यावर गेलात तर तुम्ही थकबाकीदार, आधी गेलात तर अडचणीतला ग्राहक. दोन्हींत फरक पडतो. सरळ विचारा: मुदत वाढवून हप्ता लहान करता येईल का, काही महिने फक्त व्याज भरलं तर चालेल का, दंड माफ होईल का. मुदत वाढली की एकूण व्याजही वाढतं हे लक्षात ठेवून मगच हो म्हणा. जे ठरेल ते ईमेलवर किंवा पत्रावर घ्या, तोंडी आश्वासन देणारा माणूस पुढच्या महिन्यात त्या खुर्चीत असेलच असं नाही. 'कमी रक्कम भरून सेटलमेंट करा' अशी ऑफर आली तर ते कर्ज पूर्ण फेडल्यासारखं धरलं जाणार की नाही आणि कर्जाच्या नोंदीत काय दिसणार हे आधी लेखी विचारा.

आता मुलांचा भाग. वसुलीचे फोन येत असतील तर मुलांनी अनोळखी नंबर उचलायचा नाही, दार उघडायचं नाही, हे ठरवून टाका. चुकून उचललाच तर एकच वाक्य शिकवा, "आईबाबा तुम्हाला नंतर फोन करतील", आणि फोन ठेवायचा. "बाबा घरी नाहीत म्हणून सांग" हे मात्र मुलाच्या तोंडून कधीही वदवून घेऊ नका. बाबा आतल्या खोलीत बसलेत हे त्याला दिसत असतं, खोटं बोलताना त्याचा आवाज कापतो आणि फोनवरचा माणूस ओरडला की ते सगळं त्या लेकराच्या अंगावर येतं.

याच काळात गळाला लावणारे पण भेटतात, त्यांच्यापासून सावध:

- कागदपत्रं न बघता पाच मिनिटांत कर्ज देणारी ॲप्स, जी तुमचे कॉन्टॅक्ट आणि फोटो बघायची परवानगी मागतात. नंतर हीच माहिती बदनामीच्या धमक्यांसाठी वापरली जाते
- कर्ज मंजूर झालंय, आधी प्रोसेसिंगचे पैसे भरा असं सांगणारे. खरं कर्ज देणारा अनोळखी खात्यावर आधी पैसे मागत नाही
- जुनं कर्ज फेडायला त्याहून महाग नवीन कर्ज
- 'नुसती सही पाहिजे' म्हणून जामीन व्हायला सांगणारे. मूळ कर्जदाराने पैसे बुडवले की कर्ज तुमचं
- पैसे दुप्पट करून देणारी कुठलीही योजना. हातात थोडेच पैसे उरलेत तेव्हा हा मोह सगळ्यात जास्त होतो

४. मुलांना सांगायचं, आणि लवकर सांगायचं

"लहान आहेत, त्यांना कशाला सांगायचं" असं आजी आजोबा म्हणतील, आपल्यालाही वाटतं. पण मुलांना कळलेलं असतंच. बंद दाराआडची कुजबुज, आईचे सुजलेले डोळे, बाबा भर दुपारी घरी, हे सगळं ती बघत असतात. काय झालंय हे कोणी सांगत नाही म्हटल्यावर ती स्वतः काहीतरी जुळवतात आणि ते बहुतेक वेळा खऱ्यापेक्षा भयंकर असतं. साधारण दोन ते सात वर्षांच्या वयात मूल जग स्वतःच्याच बाजूने बघतं, हे मानसशास्त्रज्ञ जाँ पियाजे यांनी मांडलं होतं. त्यामुळे 'मी खेळणं मागितलं म्हणून पैसे संपले' असं त्या वयातल्या मुलाला खरंच वाटू शकतं.

कधी सांगायचं? तुमचा वहीतला हिशोब झाल्यावर, सुट्टीच्या दिवशी सकाळी, पोट भरलेलं असताना. झोपायच्या आधी नाही, परीक्षेच्या आदल्या दिवशी नाही, आणि भांडण झाल्यावर रागाच्या भरात तर नाहीच नाही. दोघंही हजर हवेत. एकट्यानेच मुलं वाढवत असाल तर मुलांना विश्वासाचं वाटणारं एखादं मोठं माणूस सोबत ठेवलं तर बरं पडतं, नसलं तरी चालतं.

काय सांगायचं: काय झालं, त्यामुळे काय बदलणार, काय अजिबात बदलणार नाही, आणि यात तुझी काही चूक नाही. आकडे नकोत, नातेवाईकांवर किंवा एकमेकांवर दोषारोप नकोत. आमच्याकडे साधारण असं बोललो होतो:

"बाबांचं ऑफिसचं काम बंद झालंय. ते नवीन काम शोधतायत. तोपर्यंत घरात पैसे कमी येणार, म्हणून बाहेर खाणं आणि नवीन खेळणी काही दिवस बंद. शाळा तीच, रात्रीची गोष्ट तीच, आपण सगळे इथेच एकत्र. हे तुमच्यामुळे झालेलं नाही. काहीही विचारायचं असेल तर कधीही विचारा."

धाकट्याने विचारलं, "मग बाबा रोज मला न्यायला येणार?" येणार म्हटल्यावर तो खूश होऊन खेळायला गेला. मोठी मात्र गप्प बसून राहिली आणि संध्याकाळी मी कपडे वाळत घालत असताना येऊन चिमटे देत देत तिने विचारलं, "आपण गरीब झालो का?" मोठ्या मुलांचे खरे प्रश्न बैठकीत येत नाहीत, ते असे हातात काम असताना, बाजूबाजूला उभं असताना येतात. म्हणून त्या दिवशी आणि पुढचे काही दिवस त्यांच्या आसपास राहा.

वयाप्रमाणे भाषा बदलते. शाळेत न जाणाऱ्याला दोन वाक्यं पुरे, पण तीच दोन वाक्यं परत परत सांगावी लागतात. सात ते अकराच्या मुलांना न्याय अन्यायाचा फार हिशोब असतो, त्यांना कारण लागतं आणि सगळ्यांचेच खर्च कमी होतायत हे दिसावं लागतं, मुलांची खेळणी बंद आणि मोठ्यांचा नवा मोबाईल असं चालत नाही. त्याच्या पुढच्या मुलांना लाज वाटते, मित्रांमध्ये काय सांगायचं हा त्यांचा खरा प्रश्न असतो, तर ते वाक्यच त्यांना तयार करून द्या: "सध्या घरी खर्च कमी करतोय, मी यावेळी नाही येणार." एवढं पुरतं, पुढे समजावत बसायची गरज नाही.

५. नेहमी येणारे प्रश्न आणि उत्तरं

"आपण गरीब झालो का?" "पैसे सध्या कमी आहेत. जेवायला, राहायला, शाळेला आहेत. बाकीच्या गोष्टींना थांबावं लागेल." जे खरंच आहे तेवढंच बोला. शाळेचं नक्की नसेल तर शाळेचं नाव घेऊ नका.

"घर सोडावं लागेल का?" लागणार नसेल तर ठाम नाही. लागू शकत असेल तर, "अजून ठरलेलं नाही. ठरलं की सगळ्यात आधी तुला सांगू, आणि कुठेही गेलो तरी सगळे एकत्र जाऊ." खोटं आश्वासन मोडलं की त्यानंतरच्या तुमच्या कुठल्याच वाक्यावर मूल विश्वास ठेवत नाही.

"मी शाळा सोडून काम करू का?" हा प्रश्न आला तर आधी जवळ घ्या. मग स्पष्ट सांगा की पैसे आणणं हे मोठ्यांचं काम आणि ते आम्ही करतोय.

६. खर्च कापताना मुलांचं काय ठेवायचं

सगळं एकदम कापू नका. मुलाला सावरून धरणाऱ्या गोष्टी वेगळ्या काढा, त्या बहुतेक फुकट किंवा स्वस्तच असतात: ठरलेली झोपेची वेळ, रोजचं मैदान, एक जवळचा मित्र, रात्रीचं एकत्र जेवण. एखादा क्लास बंद करावा लागणार असेल तर कुठला ते मुलाला निवडू द्या. दोन क्लासपैकी एक ठेवायचा आहे, तुला कुठला हवा, एवढं विचारलं तरी त्याच्या हातात काहीतरी राहतं. वाढदिवस रद्द करू नका, आकार लहान करा.

घरकामात मुलांना जरूर घ्या. ग्लेन एल्डर या समाजशास्त्रज्ञाने १९३० च्या महामंदीत वाढलेल्या, ऑकलंड शहरातल्या १९२०-२१ साली जन्मलेल्या मुलांचा अभ्यास १९७४ साली प्रसिद्ध केला. ज्या घरांचं उत्पन्न खूप घटलं तिथली मुलं घरकामाला, छोट्यामोठ्या कामांना लागली होती, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं पुढे आयुष्य चांगलं मार्गी लागलं. घराला आपला उपयोग होतोय ही जाणीव मुलाला बळ देते. पण एक सीमा सांभाळा. भाजी निवडणं, यादीप्रमाणे सामान आणणं, धाकट्याला शाळेत सोडणं ठीक. आईचं रडणं ऐकून घेणं, आईबाबांच्या भांडणात मध्यस्थी करणं, हप्त्याची तारीख लक्षात ठेवणं हे मुलाचं काम नाही. समजूतदार मोठ्या मुलीच्या बाबतीत ही सीमा पटकन ओलांडली जाते कारण ती तक्रार करत नाही. तुम्हाला बोलायला माणूस हवंय, तर मैत्रीण, भाऊ, समुपदेशक, कोणीही मोठं माणूस शोधा.

७. शाळेशी बोलणं

फी भरायची तारीख उलटायच्या आधी मुख्याध्यापकांना भेटा, वर्गशिक्षकांना सुद्धा कल्पना द्या. अर्ज लेखी द्या: काय झालंय हे दोन ओळीत, सोबत कागदाची प्रत, आणि नेमकं काय हवंय ते. 'सहकार्य करावे' एवढंच लिहिलं तर काही होत नाही, 'तीन हप्त्यांत, अमुक तारखांना भरू' असं लिहिलं की समोरच्याला निर्णय घेता येतो. पोच घ्या. शिष्यवृत्ती, फी सवलत, जुनी पुस्तकं, जुना गणवेश याबद्दल स्वतःहून विचारा, कारण असलेली सोय बऱ्याचदा कोणी आपणहून सांगत नाही.

अर्जात एक ओळ आवर्जून टाका: फीबाबत जे काही बोलायचं ते पालकांशी बोलावे, विद्यार्थ्याशी नाही. माझ्या मुलीला एकदा वर्गात सगळ्यांसमोर उभं करून फीबद्दल विचारलं होतं, ती घरी येऊन दप्तर न काढता तशीच पलंगावर पडून राहिली होती. चिठ्ठी मुलाच्या हातून पाठवायची नाही, त्याला निरोप्या करायचं नाही.

८. खाऊचे पैसे आणि मुलांची शिल्लक

खाऊचे पैसे शक्य असेल तर बंद करू नका, कमी करा. थोडे पण ठरलेल्या दिवशी मिळाले तर मूल त्यातून निवड करायला शिकतं, आणि टंचाईच्या काळात हे शिकणं नुसत्या सांगण्यापेक्षा खूप खोल जातं. दिलेले पैसे त्याने आपल्याला वाया वाटेल अशा गोष्टीवर घालवले तरी बोलू नका, आणि आठवड्याच्या मध्ये भरही घालू नका.

मुलांच्या पैशांच्या डब्याला न विचारता हात लावायचा नाही. अगदीच वेळ आली तर विचारा, किती घेतले आणि कधी देणार ते त्याच्यासमोर वहीत लिहा, खाली तुमची सही. नाही म्हणाला तर नाही. मुलाच्या नावावरची मुदत ठेव मोडायची असेल तर तीही शेवटच्या पर्यायांमध्ये, आणि मोडल्यावर किती व्याज बुडतं ते आधी बँकेत विचारून.

९. नातेवाईक

घ्यायचेच असतील तर लेखी घ्या, सख्खा भाऊ असला तरी. किती, कधीपर्यंत, हप्त्याने का एकरकमी. नाती पैशापेक्षा गैरसमजाने जास्त तुटतात. आणि मुलांसमोर "तुझ्या बापाला जमलं नाही" छाप बोलणी सुरू झाली तर तिथल्या तिथे थांबवा, मोठ्या माणसालाही नम्रपणे पण ठामपणे: "मामा, हे आपण नंतर बोलू, मुलं आहेत." मग मुलांशी वेगळं बोला, कारण त्यांनी ऐकलेलं असतं.

१०. या खुणा दिसल्या तर थांबून बघा

सारखं पोट दुखणं डोकं दुखणं, झोप उडणं, मोठं झालेलं मूल परत अंथरूण ओलं करायला लागणं, अभ्यासात अचानक घसरण, मित्र तोडणं. आणि एक खूण पटकन लक्षात येत नाही, मूल अचानक फार शहाणं होतं. काहीच मागत नाही, सहलीचा फॉर्म दप्तरात लपवून ठेवतं, फाटलेले बूट दाखवत नाही. पाहुण्यांना याचं कौतुक वाटेल, तुम्ही मात्र जवळ बसवून सांगा की मागितलेलं चालतं, नाही म्हणायचं काम आमचं. दोन तीन आठवड्यांत फरक पडला नाही तर बालरोगतज्ज्ञ किंवा शाळेचे समुपदेशक गाठा.

हीच गोष्ट तुमची. कर्जामुळे जगणं नको वाटायला लागलं, घरच्यांना माझ्याशिवाय बरं पडेल असले विचार यायला लागले तर त्याच दिवशी, त्याच तासाला कोणाला तरी सांगा आणि डॉक्टरांकडे जा, एकटे राहू नका. कर्जाला मुदतवाढ मिळते, बोलणी करता येतात, काही ठिकाणी कायद्याने दिवाळखोरीचा मार्ग असतो. मुलांना तुम्ही हवे आहात. घरात जोडीदार गप्प गप्प झालाय, कागदपत्रं आवरून ठेवतोय, निरोप घेतल्यासारखं बोलतोय असं वाटलं तर थेट विचारा, विचारल्याने काही बिघडत नाही.

११. पैसे परत यायला लागल्यावर

पहिला पगार आला की घरात सगळ्यांनाच काहीतरी घ्यावंसं वाटतं, घ्या, एक छोटी गोष्ट सगळ्यांनी मिळून ठरवून. बाकीच्यातून आधी थकलेले हप्ते, मग बाजूला थोडी शिल्लक, म्हणजे पुढचा अचानक आलेला खर्च परत कार्डवर जाणार नाही. शिल्लक एक महिन्याच्या खर्चाएवढी झाली की उरलेला जोर सगळ्यात महाग कर्जावर. मुलांना सांगा की काम मिळालं, आणि हेही सांगा की अजून काही महिने असंच जपून चालणार, नाहीतर त्यांना वाटतं दुसऱ्याच दिवशी सगळं पूर्वीसारखं. बंद केलेल्या गोष्टी एकेक करून सुरू करा, मुलाने स्वतः सोडलेला क्लास आधी. डब्यातून घेतलेले पैसे असतील तर ते त्याच्या हातात मोजून द्या आणि वहीतल्या त्या ओळीवर त्यालाच काट मारू द्या.